मैत्रिणीसाठी हाताने ओवलेला तन्मणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतके दागिने असताना तन्मणीच का निवडावा?

कोल्हापुरी साज किंवा वज्रटीक घरी बनवणे शक्य नसते, कारण त्यांची पाने ठशावर उठवणे, आत लाख भरणे आणि तुकडे झाळणे (उष्णतेने सांधणे) ही सगळी कामे भट्टी, हत्यारे आणि वर्षानुवर्षांचा सराव मागतात. तन्मणीचे तसे नाही. त्याचे दोन स्वतंत्र भाग असतात. मधले खोड, म्हणजे खडे जडवलेले पदक, सोनार घडवतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे मोत्यांचे सर कोणीही धीराने ओवू शकते. मैत्रिणीला स्वतःच्या हातचे काही द्यायचे असेल आणि ते शोभेच्या कपाटात न राहता लग्नाकार्यात खरोखर गळ्यात पडावे अशी इच्छा असेल, तर पारंपरिक दागिन्यांमध्ये इतका सोयीचा दुसरा प्रकार मला दिसत नाही. चिंचपेटीही मोत्यांचीच असते. परंतु तिच्या पेट्यांमध्ये मोती तारेने बसवावे लागतात आणि ते काम नवशिक्याच्या हाती सुबक उतरत नाही.

सुरुवात खोडापासून करावी की मोत्यांपासून?

दोन्हींपासून नाही, सुरुवात गळ्याच्या मापापासून करावी. बहुतेक जण आधी आवडीचे खोड पसंत करतात, मग त्याला शोभतील असे मोती घेतात आणि शेवटी लांबी जुळवत बसतात. परिणामी दागिना पेटीत देखणा दिसतो आणि गळ्यात घातल्यावर मात्र खोड पुढे कलंडते किंवा सर मानेत रुततात. माप, त्यावरून मोत्यांची जाडी व पदरांची संख्या, त्यावरून खोडाचा आकार आणि वजन, असा क्रम ठेवल्यास नंतरच्या बऱ्याच अडचणी उद्भवतच नाहीत.

भेट गुपित ठेवायची आहे. मग माप कसे मिळवावे?

तन्मणीला मागे रेशमी गोंडा असतो आणि त्याची गाठ सरकवून लांबी कमी-जास्त करता येते, त्यामुळे दोन-तीन सेंटीमीटरची चूक सहज सामावते. तरीही निव्वळ अंदाजावर विसंबू नये. मैत्रिणीची ठुशी किंवा गळ्यालगतची एखादी माळ घरच्यांकडून थोड्या वेळापुरती मागून घ्यावी, ती सपाट ठेवून फाशापासून फाशापर्यंत मोजावी आणि ती घातल्यावर गळ्यावर नेमकी कोठे बसते, हे एखाद्या छायाचित्रात पाहून घ्यावे. माप घेताना ती कोणत्या गळ्याचे ब्लाउज किंवा कुर्ते घालते, याकडेही लक्ष द्यावे. बंद गळ्याचे कपडे आवडणाऱ्या मैत्रिणीला अगदी गळ्यालगतचा तन्मणी दिला, तर तो कापडावर चढून बसतो आणि सतत सरकत राहतो.

मोती किती आणि किती जाडीचे घ्यावेत?

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडणे बरे. समजा, पाच पदरी तन्मणी करायचा आहे आणि मागचा गोंडा व मधले खोड वगळून प्रत्येक सरात ३२ सेंटीमीटर लांबी मोत्यांनी भरायची आहे. ४ मिलिमीटर व्यासाचे मोती घेतले तर एका सराला ८० आणि पाच सरांना ४०० मोती लागतील. ते पुरेसे गोल असतील तर त्यांचे वजन सुमारे ३६ ग्रॅम भरेल. तेच ३ मिलिमीटरचे मोती घेतले तर एका सराला साधारण १०७ आणि पाच सरांना ५३५ च्या आसपास मोती लागतील. वजन मात्र सुमारे २० ग्रॅमच होईल. मोत्यांची संख्या वाढते आणि वजन बरेच घटते, कारण व्यासातला एक मिलिमीटरचा फरक आकारमानात दुपटीहून अधिक होतो.

यावरून निवड करता येते. जिला जड दागिने सहन होत नाहीत किंवा जिची मान दुखते, तिच्यासाठी बारीक मोती घ्यावेत; त्यांचा तन्मणी दाट आणि जुन्या वळणाचा दिसतो. ओवण्यासाठी लागणारा वेळ मात्र त्याच प्रमाणात वाढतो. पहिलाच प्रयत्न असेल तर ४ मिलिमीटरचे मोती आणि तीनच पदर घ्यावेत, असे मी सुचवेन. दुकानात मोत्यांच्या माळा बहुधा १६ इंची, म्हणजे सुमारे ४० सेंटीमीटर लांबीच्या मिळतात. वेड्यावाकड्या छिद्रांचे आणि डागाळलेले मोती बाजूला काढावे लागतात, त्यामुळे हिशेबापेक्षा एक माळ जास्तीची घ्यावी. पुढे तसेच मोती पुन्हा मिळतील याची शाश्वती नसते.

बसरा मोतीच घ्यावेत का?

बसरा मोती म्हणजे पर्शियाच्या आखातातील नैसर्गिक मोती. त्यांच्या व्यापारामुळे इराकमधील बसरा बंदराचे नाव त्यांना चिकटले. जपानमधील संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती बाजारात आल्यावर आणि पाठोपाठ जागतिक मंदी आल्यावर १९३० च्या दशकापर्यंत आखातातील तो व्यवसाय कोसळला. आज खरे बसरा मोती मुख्यतः जुन्या घराण्यांतील दागिन्यांतून फिरतात आणि त्यांची किंमत हौसेच्या आवाक्यातली नसते. दुकानदार सहज ‘बसरा’ म्हणून दाखवतो ते बहुधा बारीक, किंचित पिवळसर, गोड्या पाण्यातील संवर्धित मोती असतात. ते वाईट असतात असे मुळीच नाही. शिंपल्यानेच घडवलेले ते खरे मोती असतात आणि त्यांचा मोठा भाग चीनमधून येतो. फक्त त्यांना बसऱ्याची किंमत देऊ नये.

मुंबईत झवेरी बाजार आणि हैदराबादमध्ये चारमिनारजवळची पत्थरगट्टी येथे मोत्यांची निवड भरपूर असते. शक्य असेल तर दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर ठेवून मोती पाहावेत. दुकानातील पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक मोती तेजस्वीच दिसतो.

मोती खरा की खोटा, हे घरी कसे ओळखावे?

मोती दाताच्या कडेवर हलकेच घासून पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते. खरा मोती किंचित खरखरीत लागतो आणि काचेचा किंवा प्लॅस्टिकचा मणी गुळगुळीत लागतो. भिंगातून छिद्राची कड पाहिली तर नकली मोत्यावरचा लेप तेथे उखडलेला किंवा गोळा झालेला दिसतो. मोती जाळून किंवा व्हिनेगरमध्ये टाकून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने आम्लात विरघळतो आणि परीक्षा उत्तीर्ण होता होताच संपतो. नैसर्गिक आणि संवर्धित मोत्यांमधला फरक मात्र दाताने कळत नाही. त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते आणि ती मुंबईतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत करून घ्यावी.

मैत्रिणीने तिच्या आजीचे सुटे मोती दिले आहेत. ते वापरता येतील का?

अवश्य वापरावेत, कारण खास एका व्यक्तीसाठी केलेल्या दागिन्याला याहून मोलाचा कच्चा माल नाही. मात्र हातात घेताच तिच्यासमोर ते मोजावेत, वजन करावेत, छायाचित्र काढावे आणि आकडे दोघींनी लिहून ठेवावेत. मैत्रीत असे लिहून घेणे अवघड वाटते, पण एखादा मोती हरवल्यावर होणारे बोलणे त्याहून अवघड असते. जुन्या मोत्यांची छिद्रे अनेकदा फार बारीक असतात. ती मोठी करण्याचा प्रयत्न घरी करू नये. जुना पिवळसरपणा ब्लीच करून घालवणेही टाळावे. नवे मोती त्यांच्यात सरमिसळ केल्यास दोन्ही विजोड दिसतात, म्हणून जुने मोती खोडाच्या लगत किंवा सर्वांत आतल्या एका सरात एकत्र घ्यावेत आणि बाकीचे सर नव्यांचे करावेत.

खोड सोन्याचे करावे की चांदीचे?

हे ऐपतीवर आणि नात्यावर अवलंबून आहे. चांदीचे खोड करून त्याला सोन्याचा मुलामा दिला तर खर्च पुष्कळ कमी होतो. कोल्हापूरजवळचे हुपरी हे गाव चांदीकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील किंवा कोल्हापूरच्या गुजरीतील कारागीर असे काम करून देतात. मुलामा काही वर्षांनी उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो. त्या वेळी मोती आधी काढून ठेवावे लागतात, ही गोष्ट मैत्रिणीला देतानाच सांगून ठेवावी.

सोन्याचे खोड घेतल्यास २२ कॅरटमध्ये ९१.६ टक्के आणि १८ कॅरटमध्ये ७५ टक्के शुद्ध सोने असते. खडे घट्ट धरून ठेवण्यासाठी १८ कॅरट अधिक कणखर ठरते, तरी आपल्याकडे कल २२ कॅरटकडेच असतो. हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असणे १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झाले आहे आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये तपासता येतो. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाऊ असे प्रकार या सक्तीतून वगळलेले आहेत. तन्मणीचे पारंपरिक खोड नेमके याच प्रकारात मोडू शकते, त्यामुळे सोन्याचे निव्वळ वजन, कस, खड्यांचे वजन आणि प्रकार हे सगळे पावतीवर वेगवेगळे लिहून घ्यावे. एकत्रित वजन लिहिलेली पावती पुढे मोड देताना काहीच उपयोगाची नसते.

सोनाराला नेमक्या कोणत्या सूचना द्याव्यात?

नक्षीविषयी तुम्ही सांगालच. पण ओवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी खोडाच्या मागच्या बाजूला असतात आणि त्या सहसा कोणी सांगत नाही. पहिली सूचना कड्यांबद्दलची. जितके पदर तितक्या कड्या दोन्ही बाजूंना हव्यात, आणि त्या खोडाच्या मध्यापेक्षा वर असाव्यात. कड्या मध्यावर किंवा खाली असल्या की खोड वरच्या बाजूने पुढे कलंडते आणि कितीही चांगले मोती घेतले तरी तो दोष झाकत नाही. दुसरी सूचना कड्यांच्या आतल्या कडेची. ती घोटून अगदी गुळगुळीत करून मागावी, कारण तन्मणी तुटतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी. खोड ताब्यात घेताना रेशमाचा एक तुकडा प्रत्येक कडीतून ओवून दहा-बारा वेळा पुढे-मागे ओढून पाहावा. दोऱ्याला लव सुटली तर खोड तेथल्या तेथे परत द्यावे.

मैत्रिणीच्या जुन्या कुडीतले किंवा अंगठीतले खडे वापरायचे असतील तर ते कोणते आहेत हे आधी तपासून घ्यावे. पाचूमध्ये बहुधा तेल भरलेले असते आणि पुष्कळशा स्वस्त माणकांच्या भेगा काचेने बुजवलेल्या असतात. दोन्ही प्रकार झाळण्याची उष्णता आणि सोनाराचे तेजाब सहन करू शकत नाहीत. म्हणून सगळे झाळकाम पूर्ण झाल्यावरच खडे कोंदणात बसवावेत, हे स्पष्ट सांगावे.

दोरा रेशमाचा घ्यावा की नायलॉनचा?

रेशमाचा घ्यावा. मासेमारीसाठी वापरतात तसला एकेरी नायलॉन ताठ असतो, त्यामुळे सर गळ्याच्या वळणावर बसत नाहीत आणि गाठीही सुटतात. पीळ दिलेला नायलॉन मजबूत असतो आणि घामाने लवकर कुजत नाही, म्हणून रोजच्या वापराच्या माळेसाठी तो चालेल. पण तन्मणी प्रसंगी घालायचा असतो, आणि मोत्यांना जे लवचीक लोंबणे शोभते ते रेशमातच मिळते. रेशमाचा दोष असा की ते ताणते. यावर उपाय म्हणून ओवण्याच्या आदल्या रात्री दोऱ्याच्या टोकाला हलके वजन बांधून तो टांगून ठेवावा. दोरा दुहेरी घ्यावा आणि तो छिद्रातून किंचित अडत जाईल इतका जाड असावा, कारण सैल दोऱ्यावर मोती हलत राहतो आणि छिद्राची कड दोऱ्याला कापत जाते.

प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारावी का?

मोठ्या मोत्यांच्या एकेरी माळेत मारावी. सर तुटला तरी एकच मोती निसटतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. तन्मणीच्या बारीक मोत्यांमध्ये तसे केल्यास गाठींनी सर विरळ दिसतो, लांबी वाढते आणि दाटपणा जातो. त्यामुळे येथे प्रत्येक सराच्या दोन्ही टोकांचे चार-पाच मोती गाठींनी बंद करावेत आणि मधले मोती सलग ओवावेत. प्रत्येक सराचा दोरा मात्र स्वतंत्र असावा. एकाच लांब दोऱ्याने पाचही पदर फिरवून आणण्याची सोपी युक्ती काही जण सांगतात, पण तो दोरा एका जागी तुटला की पाचही सर एकदम ओघळतात.

प्रत्यक्ष ओवताना काय काळजी घ्यावी?

प्रथम मोती जाडीप्रमाणे निवडून ठेवावेत. खोडाजवळ मोठे आणि मागे गोंड्याकडे लहान होत जाणारे मोती घेतले तर मानेमागे भार येत नाही. काम जाड टॉवेलवर किंवा मखमलीवर करावे, म्हणजे मोती घरंगळत नाहीत. वळलेल्या तारेची लवचीक सुई वापरावी. ती नसेल तर दोऱ्याचे टोक डिंकाने कडक करून सुकवावे आणि तिरके कापावे.

सर्वांत आतला सर आधी ओवावा आणि पुढचा प्रत्येक सर साधारण एक सेंटीमीटरने वाढवत न्यावा. सगळे सर समान लांबीचे ठेवल्यास ते गळ्यावर एकमेकांवर चढून जुडी होते. काहींना तेच रूप आवडते, पण खोडाच्या दोन्ही बाजूंना सर पसरलेले हवे असतील तर हा फरक ठेवावाच लागतो. खोडाच्या कडीला दोरा थेट बांधू नये. त्या जागी बारीक तारेची वळलेली नळी दोऱ्यावर चढवली तर धातूचे घर्षण नळीवर येते आणि दोरा वाचतो. डावी आणि उजवी बाजू एकाच बैठकीत पूर्ण करणे चांगले, कारण दुसऱ्या दिवशी हाताचा ताण बदलतो आणि तो फरक नंतर सरांमध्ये दिसतो. शेवटी सर्व सर एकत्र करून गोंड्याला जोडण्याचे काम नीट जमत नसेल तर तेवढे पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने रेशमात गाठवणाऱ्या कारागिराकडून, गाठवून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. पिढ्यानपिढ्या ते त्यांचेच काम आहे.

किती दिवस आधी सुरुवात करावी?

लग्नसराई आणि दिवाळीच्या आधी सोनारांकडे कामाची गर्दी असते, त्यामुळे खोडासाठीच महिना-दीड महिना हाताशी ठेवावा. ओवायला सुटीचे दोन-तीन दिवस पुरतात.

मैत्रिणीनेच करायला सांगितले असेल तर पैसे घ्यावेत का?

सोने, खडे, मोती आणि सोनाराची मजुरी यांचे पैसे पावतीप्रमाणे घ्यावेत आणि ते काम सुरू करण्यापूर्वी ठरवावे. स्वतःच्या ओवण्याची मजुरी घ्यायची की ती भेट समजायची, हा तुमचा निर्णय आहे. पण तो आधीच बोलून टाकावा. ‘नंतर बघू’ या दोन शब्दांनी अनेक चांगल्या मैत्रिणींमध्ये अवघडलेपण आणले आहे. घडवलेल्या सोन्याच्या दागिन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो आणि सोन्याचा भाव रोज बदलतो, म्हणून अंदाजपत्रक देताना तारीख लिहावी आणि भाव कोणत्या दिवसाचा धरायचा हे ठरवून घ्यावे.

महागडा दागिना भेट दिल्यास मैत्रिणीला कर लागतो का?

लागू शकतो. आयकर कायद्याच्या दृष्टीने मैत्रीण ‘नातेवाईक’ नाही, त्यामुळे एका आर्थिक वर्षात नातेवाइकांखेरीज इतरांकडून मिळालेल्या अशा भेटींचे एकूण मूल्य ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाले तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. तिच्या स्वतःच्या लग्नानिमित्त दिलेल्या भेटीला ही मर्यादा लागू होत नाही. खरेदीचे मूल्य दोन लाख रुपयांच्या पुढे जात असेल तर पॅन द्यावा लागतो आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देता-घेता येत नाही.

मित्रासाठी असेच काही करता येईल का?

भिकबाळी करावी. कानाच्या वरच्या पाळीत घालायच्या या पुरुषांच्या दागिन्यात सोन्याच्या तारेत मोती आणि लाल खडा ओवलेला असतो. मोती दोन-चारच लागत असल्यामुळे ते उत्तम प्रतीचे घेता येतात. त्याचा कान टोचलेला आहे का, एवढे मात्र आधी विचारावे.

तन्मणी कसा जपावा?

अत्तर, पावडर आणि केसांचा स्प्रे हे सगळे आटोपल्यावर तन्मणी घालावा आणि घरी आल्यावर सर्वांत आधी तो काढावा. मऊ सुती कापडाने पुसून सपाट ठेवावा. खुंटीला टांगल्यास रेशीम ताणते. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत मोती कोरडे पडतात, म्हणून तलम सुती कापडात गुंडाळावा, तोही खड्यांच्या इतर दागिन्यांपासून वेगळा, कारण मोत्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि खड्यांच्या कडांनी त्यावर सहज ओरखडे उठतात. साबणाचे पाणी, रिठा आणि सराफाकडचे अल्ट्रासॉनिक यंत्र ही तिन्ही टाळावीत.

काही वर्षांनी सर सैल झाले तर?

ते होणारच. खोड आणि पहिला मोती यांच्यामध्ये दोरा उघडा दिसू लागला की तन्मणी पुन्हा ओवायची वेळ झाली असे समजावे. नेहमी घालणाऱ्यांच्या बाबतीत ही वेळ दोन-तीन वर्षांनी येते. तुम्ही ओवताना उरलेले दहा-बारा मोती, त्याच दोऱ्याचा तुकडा आणि प्रत्येक सराची लांबी व मोत्यांची संख्या लिहिलेला कागद पेटीतच ठेवून दिला, तर तुम्ही परगावी असलात तरी कोणताही पटवेकरी त्या कागदावरून तन्मणी जसाच्या तसा गाठवून देऊ शकेल.